पत्रिकेत बँडमधल्यांचं 'सांगीतिक बॅकग्राउंड' काय लिहावं? ढोलकीवाले मामा म्हणायलेत माझं लिहूच नको

सहावी_तार (नांदेड)

राम राम मंडळी. प्रश्न लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

आमचा सहा जणांचा कव्हर बँड आहे. अजून धड नाव पण ठरलेलं नाही. प्रॅक्टिस तरोड्यात एकाच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, आणि आजवर केलं काय तर चार वाढदिवस, दोन हळदीच्या आदल्या रात्रीचे प्रोग्राम आन एक गणपती. आता पहिल्यांदा जरा बरी सुपारी आलीय. एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, पत्रिका चकचकीत कागदावर छापायलेत, आणि आयोजक म्हणले प्रत्येक कलाकाराचं सांगीतिक बॅकग्राउंड चार-चार ओळीत लिहून द्या, रविवारपर्यंत. मी म्हणलं सोपं काम आहे, आन बसलो लिहायला तर तिथंच गाडी रुतली.

गाणाऱ्या ताईंचं दोन मिनिटात झालं. शाळेत संगीत शिकवतात, गांधर्वची प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सगळी परीक्षा पास, गुरूचं नाव, शाळेचं नाव, संपलं. त्यांचंच वाचून मग मी माझं लिहिलं, 'पुण्यात गिटारचे शिक्षण'. आता खरं सांगतो, पुण्यात मी इंजिनिअरिंगला होतो आणि शिक्षण म्हणजे होस्टेलच्या सीनियरची गिटार, तिची पण पहिली तार तुटलेली, बाकी युट्यूब. चार वर्षात बॅकलॉग तीन आणि कॉर्ड बारा. पण पत्रिकेत कसं भारदस्त वाटतंय बघा, 'पुण्यात'.

तबल्याला एक सरदार पोरगं आहे, अकरावीत. ते लहानपणापासून गुरुद्वारात रागी जत्थ्याच्या (कीर्तन गाणाऱ्यांच्या) तबलजीच्या मागं बसून बसून शिकलं, क्लास कधीच नाही. की-बोर्डवाल्याचे अब्बा कव्वाली पार्टीत बेंजो वाजवायचे, कंधारच्या उरुसाला ठरलेले असायचे. ह्याला कॉर्डचं नाव विचारलं तर सांगता येत नाही, हात धरून दाखवतो म्हणतो 'ये वाला'. आणि दाखवलेलं बरोबर असतंय, हा त्यातला वैताग.

ट्रम्पेटवाले काका लग्नाच्या बँडमध्ये तीस वर्षं होते. ते म्हणले माझ्यापुढं 'हौशी' लिही. तीस वर्षं ज्याच्यावर घर चालवलं त्याला हौशी कसं म्हणायचं ओ?

आणि ढोलकीवाले मामा. मामा आधी तमाशाच्या फडावर होते, मालेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, म्हणजे आपल्या लोहा तालुक्यातलं मालेगाव, तिथं मार्गशीर्षात वर्षानुवर्षं त्यांचा हात वाजलाय. मी लिहून वाचून दाखवलं तर मामांचा चेहराच उतरला. म्हणले, "भाच्या, एवढं नको लिहू. तालवादक म्हणून लिही न् दे सोडून. मेळाव्याला पाहुणे असतेत, पोरीचं जमवायचं चाललंय." मला पुढं काही बोलताच येईना.

तर एक, हे लिहावं का गाळावं? आणि दुसरं, सहा जण सहा वाटांनी आल्यामुळं प्रॅक्टिसमध्ये जो राडा होतोय त्याचं काय करावं. मी 'ई' म्हणतो, ताई त्याच सुराला पेटीच्या भाषेत 'पांढरी तीन' म्हणतात, काका म्हणतात 'ही पट्टी आमच्या बाजात नसते', मामा म्हणतात 'तुम्ही कुठूनबी सुरू करा, मी धरतो', आणि मग ते खरंच कुठूनबी धरतात.

काळी_चार (परभणी)

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो कारण त्याला औषध आहे, पहिल्याला नाही.

मी एकवीस वर्षं ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवलाय. तुमचं भांडण माणसांचं नाही, वाद्यांचं आहे. गिटारच्या मोकळ्या तारा ई, ए, डी, जी, म्हणून गिटारवाल्याला पांढरी तीन आणि पांढरी सहा म्हणजे घरचं अंगण. बँडमधला ट्रम्पेट असतो बी-फ्लॅटचा. त्यांनी आपला सा वाजवला की आपल्याकडं काळी पाच ऐकू येते, म्हणजे आपल्या पट्टीला पोचायला त्यांना कायम एक सूर वर वाजवावं लागतंय. आता तू त्यांना पांढरी तीनमध्ये वाजव म्हणलास तर त्यांना सहा शार्प, म्हणजे सहा चढे सूर, घेऊन वाजवावं लागतंय. वरातीत तीस वर्षात त्यांना ती पट्टी कुणी मागितली असंल का? ते 'आमच्या बाजात नसते' म्हणायलेत ते अगदी बरोबर आहे, रुसवा नाही तो.

उपाय फुकटचा आहे. गिटारला कॅपो लाव, म्हणजे सगळ्या तारा एका घरात दाबून धरणारा चिमटा. ताईंची पट्टी बहुतेक काळी चार असंल, बायकांची असतेच तिथं किंवा काळी पाच. काळी चारला पहिल्या घरात कॅपो लाव आणि जीचे शेप वाजव, काळी पाचला पहिल्याच घरात ठेव आणि एचे वाजव, काळी दोनला तिथंच डीचे. काका पण खूश तू पण खूश. आणि यादीत गाण्यापुढं पट्टी हार्मोनियमच्या भाषेत लिही, ई-एफ लिहू नको. मराठवाड्यात काळी-पांढरी सगळ्यांना कळती, कव्वालीवाल्याला पण, भजनवाल्याला पण. नवीन भाषा शिकायची असंल तर एकट्या तुलाच शिकावी लागंल, बाकी पाच जणांना नाही. हिशोब कर.

अजून एक. ताईंची पेटी जुनी असंल तर मोबाईलच्या ट्यूनरवर बघ, आमची पांढरी सहा ४४५ हर्ट्झच्या वर भरली होती आणि की-बोर्डची ४४० ला. सगळे म्हणायचे गाणारीचा सूर हलतोय, बिचारी रडली एकदा. पेटीचे सूर स्टेजवर हलत नसतेत, म्हणून की-बोर्डचं मास्टर ट्यून वर घ्यायचं, गिटार त्याला लावायची, काकांना स्लाइड जरा आत घ्यायला सांगायचं. डिसेंबरात उघड्यावर प्रोग्राम असंल तर थंड ट्रम्पेट उतरतो, वाजून वाजून गरम झाला की चढतो, दोन गाण्यांनंतर परत बघायचं. आणि मामांची ढोलकी पण सुरात लावलेली असती बरं का, तुम्ही दर गाण्याला पट्टी बदलली तर मामा काय करतील? एकसारख्या पट्टीची गाणी लागून ठेवा नाहीतर दोन ढोलक्या न्या.

परिचयाचं म्हणशील तर कुणी वाचत नाही, लोक जेवणाची वेळ बघतेत पत्रिकेत.

पऱ्हाटीचा_जाळ (धाराशिव)

काळीचार सर तुमचं तांत्रिक सगळं मान्य, पण शेवटच्या ओळीला राम राम. वाचतेत लोक. आणि नाही वाचलं तरी लिहिणारा काय लिहितोय ते ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला कळतंय की.

माझा बाप डफडं वाजवायचा. तुमच्याकडं हलगी म्हणत असतेल, आमच्या गावात डफडंच. लग्नाच्या आधी मांडवामागं पऱ्हाट्याचा जाळ करायचा आणि त्याच्यावर डफडं धरून फिरवायचं, चामडं ताणलं की बोटाच्या टोकानं एकदा टिचकी मारायची, आवाज लागला की बाप माझ्याकडं बघून मान हलवायचा. ते माझं पहिलं ट्यूनिंग, मी सहा वर्षाचा असंल. बापाला ४४० माहीत नव्हतं पण जाळ किती वेळ पुरंल आणि दुसऱ्यांदा कधी तापवावं लागंल हे आभाळाकडं बघून सांगायचा. दमट हवा असली की चामडं लवकर उतरतं.

आणि जेवायला? सगळ्या पंगती उठल्यावर. मांडवाच्या बाहेर, चपला काढायच्या तिथं. नवरीच्या घरचे वाईट होते असं नाही, त्यांना त्यात काही वाटायचंच नाही, ही गोष्ट आहे. मी आज ड्रमकिट वाजवतो, ऑक्टोपॅड वाजवतो, हॉटेलात वाजवतो, एसीत जेवतो, आणि मलाबी पहिली पाच वर्षं कुणी विचारलं कुठं शिकला तर मी 'असंच, आवड होती' म्हणायचो. म्हणून मामा काय म्हणायलेत ते मला पुरतं कळतंय. पोरीचं जमवायचंय म्हणले ना? मग तुम्ही उगी क्रांती करायला त्यांचं नाव वापरू नका. लिहायचं का नाही हे मामा ठरवतील, तुम्ही नाही, मी पण नाही. पण तुमच्या 'पुण्यात शिक्षण'चं तेवढं बघा. तुमचं होस्टेल शिक्षण होतंय आणि त्यांचा फड लपवायचा होतोय, हे एकाच कागदावर शेजारी शेजारी छापून येणारंय.

सहावी_तार (नांदेड)

दादा, लागलं. खोडतो.

डीजे_बंद_करा (जालना)

काय तरी गंभीर करायलेत सगळे. दहाला आवाज बंद करावा लागतोय, नियम आहे, तुमचं पत्रिकावाचन आणि सत्कार साडेनवापर्यंत चालंल आणि तुम्हाला मिळंल अर्धा तास. पाच गाणी बसवा कडक आणि मोकळं व्हा. बॅकग्राउंड म्हणजे मागं लावलेला बॅनर.

मध्यमा_पूर्ण (अंबाजोगाई)

मी संगीत शिक्षिका आहे, तुमच्या ताईंसारखीच, म्हणून माझी बाजू पण मांडते. विशारदचा कागद माझ्याकडं पण आहे आणि (नाव काही असू द्या) मला माहीत आहे त्यात काय येतं आणि काय येत नाही. सोळा मात्रांचा तीनताल हातावर दुगुण चौगुण बोलून दाखवता येतो. पण बाजूला ट्रम्पेट वाजत असताना मॉनिटर बंद पडला तर अंतरा कुठं धरायचा हे कुठल्याच परीक्षेत विचारत नाहीत. ते काकांना विचारा. वरातीत पुढं डीजे, मागं फटाके, मध्ये घोडा, आणि तरी त्यांनी मुखडा सोडलेला नसतो.

पण उलटं पण होतं हां, आणि ते कुणी बोलत नाही म्हणून बोलते. कानानं शिकलेल्यांचं एक असतं, ज्या कॅसेटवरून शिकलेत तिच्यातली चूक पण पाठ असते. आमच्या इथल्या एका ग्रुपमध्ये एका जुन्या गाण्याच्या इंटरल्यूडमध्ये सगळे एक शुद्ध गंधार घ्यायचे, मूळ रेकॉर्डला कोमल आहे. विचारलं तर म्हणाले आमच्या वस्तादांनी असंच दिलंय. वस्ताद बरोबर होतेच, टेप जुनी होती. तेव्हा कुणाचंच बॅकग्राउंड पूज्य मानू नका, मूळ रेकॉर्ड लावा, सहाही जणांनी एकत्र बसून ऐका, आणि पीस कुणाचा बरोबर आहे ते कानानं ठरवा. तुमचा तो 'ये वाला' म्हणणारा मुलगा बहुतेक वेळा जिंकेल असं माझं भाकीत.

त्याच्या वडिलांच्या बेंजोबद्दल एक सांगू का? आपण ज्याला बेंजो म्हणतो, टाईपरायटरसारखी बटणं असलेला, तो अमेरिकेतला बँजो नव्हेच. तो जपानी ताइशोगोतो, १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसानं काढलेला. तिथून आपल्याकडं येऊन बुलबुलतरंग झाला, मग पिकअप लागला आणि कव्वालीत आणि मिरवणुकीत गेला. आणि ज्या पेटीवर आम्ही शास्त्रीय शिकवतो ती तर फ्रान्सकडून कलकत्त्यामार्गे आली, आणि आकाशवाणीवर १९४० पासून कितीतरी वर्षं बंद होती. तेव्हा शुद्ध घराण्याचं कोण आणि उपटसुंभ कोण, हे सांगताना जरा जपून.

आणि तुम्ही जी हिंदी गाणी वाजवता ती तरी कुणी वाजवली? प्यारेलाल यांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा ट्रम्पेट वाजवायचे. प्यारेलाल व्हायोलिन शिकले अँथनी गोन्साल्विस यांच्याकडं, ते गोव्याचे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसूझा करायचे, ते पण गोव्याचे. एकाच खोलीत नोटेशन वाचणारे गोव्याचे वादक, आणि समोर एकदा ऐकून वाजवणारे ढोलकवाले. तुमच्या पत्र्याच्या खोलीत आत्ता जे चाललंय तेच. काकांना ते रामप्रसादजींचं नक्की सांगा.

मामांचं 'कुठूनबी धरतो' मात्र सोडवायला लागेल. तुम्ही एक-दोन-तीन-चार मोजून सुरू करता, मामांना उठाण (सुरुवातीचा ढोलकीचा तुकडा) घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायची सवय आहे. दोन्ही एकदम केलं की आपटणारच. एक तर तुम्ही मोजू नका, मामांना उठाण घेऊ द्या आणि त्यांच्या 'धा'वर सगळे या. किंवा मोजायचं असेल तर मामांना सांगा उठाण नाही. माझं मत पहिलं करा, ऐकायला फार देखणं लागतं. तिहाईचं (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) पण आधी ठरवा, फडावर नाचणारीकडं बघून तिहाई लांबवायची असते, तुमच्या गाण्यात त्या जागी ट्रम्पेटचा पीस आहे.

काळी_चार (परभणी)

मॅडमनी उठाणचं सांगितलं ते सोन्यासारखं आहे. मी विसरलो होतो.

आणि धाराशिवचे भाऊ, चुकलं माझं. लोक जेवणाची वेळ बघतेत हे मी म्हणलो ते सवयीनं. आम्ही पण ऑर्केस्ट्रात होतो तेव्हा स्टेजच्या मागंच जेवायचो, मला वाटायचं कपडे खराब होऊ नयेत म्हणून.

सहावी_तार (नांदेड)

अपडेट देतो, रविवार होऊन गेला.

कॅपो आणला. पहिल्या घरात कॅपो, जीचे शेप, ताई काळी चारमध्ये, आणि काकांनी ट्रम्पेट उचलला तो तीन मिनिटं खालीच ठेवला नाही. मला आजवर वाटायचं काकांचा दम कमी पडतोय. दम कुठला कमी, मी त्यांना दोन महिने सहा शार्पमध्ये पळवत होतो. रामप्रसादजींचं सांगितलं तर म्हणले, "मला माहितंय की. आमच्या वस्तादांनी सांगितलं होतं." मग इतके दिवस का नाही बोलले विचारलं तर म्हणले तू विचारलं नाहीस.

सगळ्यांनी बसून मूळ रेकॉर्ड ऐकले. तीन जागा चुकीच्या सापडल्या, त्यातल्या दोन माझ्या. मॅडम, भाकीत खरं ठरलं, 'ये वाला'च बरोबर होता. एक ताईंची निघाली, त्यांनी दोनदा परत लावायला लावलं आन मग हसल्या.

उठाणचं पण केलं. मी मोजणं बंद केलं. पहिल्यांदा सगळे मामांच्या तोंडाकडं बघत उभे, मामांनी उठाण घेतली, आणि ते सरदार पोरगं बाकी सगळ्यांच्या आधी बरोबर 'धा'वर आलं. मी म्हणलं तुला कसं कळलं, तर म्हणलं गुरुद्वारात शबद (भजन) सुरू करताना असंच असतं. मामांनी खिशातून सुपारीचा तुकडा काढून त्याला दिला. पोराने खाल्ला नाही पण खिशात ठेवला.

परिचयाचं असं झालं. मी माझ्या ओळी बदलल्या, 'होस्टेलमध्ये उसन्या गिटारवर शिकला' असं लिहून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ताई म्हणल्या हे छापणारेस? म्हणलं हो. मग मामांचं तसंच 'तालवादक' ठेवून वाचलं, काही न बोलता. मामा ढोलकीची दोरी ओढत होते. थोड्या वेळानं म्हणले माझं परत वाच. वाचलं. म्हणले, "तालवादक तर टेबल वाजवणारा पण असतोय." मग स्वतःच सांगितलं, मी उतरून घेतलं, एक अक्षर बदललं नाही: 'मालेगाव यात्रा, चौदा वर्षं. ढोलकी.' फडाचं नाव नको म्हणले, ते घातलं नाही. मालेगाव म्हणलं की कळणाऱ्याला कळतंय, न कळणाऱ्याला देवाची यात्रा वाटंल, असं त्यांचंच म्हणणं. काकांनी 'हौशी' काढायला लावलं, तिथं 'लग्नात वाजवतो, तारखेसाठी भेटा' असं पाहिजे म्हणले. लिहिलं.

आणि काल आयोजकांचा फोन. म्हणले पायऱ्यांच्या टाईल्सवाल्याची जाहिरात आलीय अर्ध्या पानाची, तुमचा परिचय चार ओळीऐवजी एका ओळीत बसवा.

मामांचं बसतंय तसंच. बाकी पाच जणांचं कापायला बसलोय.

डीजे_बंद_करा (जालना)

काकांचा नंबर असंल तर मेसेजमध्ये टाका. वैशाखात चुलत भावाचं लग्न आहे, आणि घरात डीजे नको यावर पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालंय.